डाव्या फळीचं कुलूप

“वीज गेली की आपोआप उघडणारं कुलूप?” टेबलावरची लांबट पोलादी पेटी बोटाने मागे सारत ते म्हणाले, “मग त्याला कुलूप म्हणायचं तरी कशाला?”

“वीज असेपर्यंत ते कुणाच्या बापाला दाद देत नाही म्हणून,” कुलूपवाली बाई म्हणाली. “आणि साहेब, उद्या आग लागली तर आतल्या माणसांनी किल्ली शोधत बसायचं का? धोक्याची घंटा वाजली की कुलपाची वीज तुटते, चुंबक सुटतं, दार मोकळं. एरवी वीज गेली तर त्यासाठी बॅटरी असते.”

“म्हणजे बॅटरीही तुमच्याकडूनच घ्यायची.”

“बाहेरून घ्या. माझी काही हरकत नाही.”

हरकत नाही म्हणते, म्हणजे बाहेरच्या दुकानदाराशी हिचं साटंलोटं असणार, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

इमारतीची देखभाल बघणाऱ्या या गृहस्थांना सगळे पाठीमागे ‘खातरजमा’ म्हणत. नळाला पाणी नाही म्हणून कुणी सांगत आलं, तरी ते आधी जाऊन नळ सोडून बघत आणि मग टाकीकडे वळत. लिफ्टमध्ये आठच माणसांना परवानगी आहे असं लिहिलेलं होतं. नववा चढला तर खरंच काही होतं का, हेही त्यांनी एकदा आठ जणांना वेठीला धरून पाहिलं होतं. बायको म्हणायची, “दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. आमच्याकडे न पोळताच फुंकणं चालतं.”

दार दुसऱ्या मजल्यावरचं होतं. तिथे मालकांची स्वतःची कार्यशाळा होती. कानाची मशीनं, म्हणजे ऐकू न येणाऱ्यांची ती चिमुकली यंत्रं, तिथे दुरुस्तीला येत. बोटाच्या पेराएवढी वस्तू, पण किंमत विचारू नये अशी. व्हरांडा आणि कार्यशाळा यांच्यामध्ये दोन फळ्यांचं रुंद दार होतं. खोकी आणि ढकलगाड्यांचे धक्के खाऊन त्याची जुनी कडी कामातून गेली होती. मालकांनी खातरजमांना बोलावून सांगितलं होतं, “चुंबकाचं कुलूप बसवा. निवड तुमची, जबाबदारीही तुमचीच.” दुसरं वाक्य बोलताना मालक हसले होते. ते हसू खातरजमांना अजिबात आवडलं नव्हतं.

कुलूपवालीने तीन नमुने मांडले होते. पहिल्यात दोन फळ्यांना दोन सुटी कुलपं होती. दुसऱ्यात एकाच लांब पेटीत शेजारीशेजारी दोन चुंबकं होती, ताकद मध्यम. तिसरं तसंच, पण दुप्पट ताकदीचं.

“हे मधलं घ्या,” ती म्हणाली. “आतल्या दाराला एवढं पुरतं. तिसरं रस्त्यावरच्या दारांसाठी असतं, तिथे लोक पहार लावतात. शिवाय मधल्याला सेन्सर आहे. पेटी चौकटीला बसते, समोर दाराला लोखंडी पट्टी बसते. ती पट्टी चुंबकाला खरोखर चिकटली की नाही, हे त्याला कळतं. नीट चिकटली नाही, तर दिवा लाल होतच नाही.”

“आणि तिसऱ्याचा दिवा?”

“तो फक्त वीज चालू आहे एवढंच सांगतो. पट्टीचं तो काही सांगणार नाही.”

खातरजमांनी तिसरं उचलून हातात तोललं. मधलं गळ्यात मारायला निघाली, म्हणजे मधल्याचा साठा पडून असणार. सेन्सर वगैरे म्हणजे पोराला खाऊ दाखवतात तशातलं. आणि कमी ताकदीचं कुलूप स्वतःहून सुचवणारा माणूस त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

“हे द्या. सर्वांत दणकट.”

“दणकट आहेच, पण साहेब...”

“पट्टी चिकटेल की. बसवणार तुम्हीच ना? का त्याचीही खात्री नाही?”

बाईने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि नमुने पिशवीत भरायला घेतले.

बसवायला ती स्वतःच आली. दुपारभर ड्रिल चाललं. खातरजमा खाली उभे राहून तिच्या हातांकडे बघत होते आणि वहिनी आपल्या टेबलामागे बसून खातरजमांकडे बघत होत्या.

वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यावर खातरजमांनीच शब्द टाकून त्यांना इथे लावलं होतं. दुसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात त्यांचं टेबल होतं. आलेल्याची चौकशी करायची, आणि ज्याच्याकडे कार्ड नाही त्याला टेबलाखालचं बटण दाबून आत सोडायचं, एवढं काम. खातरजमा शाळेत होते तेव्हा वहिनी लग्न होऊन घरात आल्या. त्या काळी ते आपल्या पत्र्याच्या ट्रंकेला कुलूप लावून किल्ली उशीच्या अभ्र्यात लपवत. अभ्रे वहिनीच धूत. दर वेळी किल्ली उशीखाली परत ठेवून त्या एवढंच म्हणत, “भाऊजी, खजिना सांभाळा हो.” ट्रंक त्यांनी कधी उघडली नाही. खातरजमांना ते पक्कं ठाऊक होतं, कारण ते झाकणाच्या फटीत केस अडकवून ठेवत.

कुलूपवाली गेल्यावर ते स्टूल घेऊन आले.

“आता काय राहिलं?” वहिनींनी उठून स्टूल धरलं. “पडाल. आत्ताच तर लावून गेली ती.”

“पट्टी डुगडुगतेय, वहिनी. ही बघा. बोटाने हलते.”

“ती बाई काहीतरी म्हणत होती त्या पट्टीचं...”

“कुणी काहीतरी म्हणतं म्हणून कुलपं बसत नसतात. नवीकोरी वस्तू आणि आत्ताच सैल! पैसे घेतले आणि अर्धवट टाकून गेली.” त्यांनी पाना लावून पट्टी सोडवली. मागून एक रबराचं जाड वायसर निघालं. लोखंडामागे रबर! जाडी भरून काढायला ठिगळ लावलंय, दुसरं काय? त्यांनी ते बाजूला ठेवलं, डावी पट्टी दाराला घट्ट आवळली, मग तेच उजवीचं केलं. आता दोन्ही पट्ट्या तसूभर हलत नव्हत्या. दोन्ही वायसर त्यांनी पाकिटात घालून, वर ‘निकृष्ट कामाचा पुरावा’ असं लिहून आपल्या खणात ठेवून दिले.

“झालं समाधान?” वहिनी म्हणाल्या.

“आता कोण उघडतो बघू.”

कुलूप बसून महिनाही झाला नसेल. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत कार्यशाळेतली सगळी माणसं वरच्या मजल्यावर जेवायला गेली आणि परत आली, तर दुरुस्त करून ठेवलेल्या मशीनांचा एक अख्खा ट्रे जागेवर नव्हता.

शोधाशोध झाली. मालक शांत होते, त्यामुळे बाकीचे जास्तच घाबरले. खातरजमांना सांगण्यात आलं की दाराचं काय ते बघा. ते बघायला कधीच कमी पडत नसत. त्यांनी कार्डांची नोंद काढली. सुट्टी झाल्यापासून संपेपर्यंत एकही कार्ड दाराला लागलेलं नव्हतं. वीज गेलेली नव्हती, घंटा वाजलेली नव्हती. दिवा लाल होता, हे तिघांनी सांगितलं. मग उरलं काय? बटण. ते दाबल्याची नोंद कुठेच होत नसे.

वहिनींना त्यांनी आडून आडून विचारलं. “सुट्टीत जागेवरच होतात ना?”

“पाणी प्यायला उठले तेवढीच. का हो?”

“काही नाही. सहज.”

सहज विचारताना त्यांनी वहिनींच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं होतं. वहिनींनी नजर वळवली होती. संध्याकाळभर त्यांच्या मनात ती वळलेली नजरच होती. भावाच्या आजारपणात घर रिकामं झालेलं, पेन्शन तुटपुंजी. वहिनी तशा नाहीत. पण तसं कोण असतं? वेळ आणते माणसाला. शिवाय उद्या लोकांनी म्हणायला नको की घरचं माणूस म्हणून पांघरूण घातलं.

रात्री जेवताना बायकोने विचारलं, “काय झालं त्या ट्रेचं?”

“चौकशी चालू आहे.”

“वहिनींना काही दिसलं असेल की. विचारलंत त्यांना?”

त्यांनी भात कालवायला घेतला. बायकोने हातातला डाव खाली ठेवला.

“अहो, तुम्हाला काय वाटतंय?”

“मला वाटण्याचा प्रश्न नाही. दार उघडायला दोनच वाटा आहेत. एक बंद होती.”

“आपलेच दात नि आपलेच ओठ, एवढं तरी ध्यानात ठेवा,” ती म्हणाली. “चावलंत तर रक्त आपल्याच तोंडात येतं.”

सकाळी त्यांनी अहवाल दिला. मोजका आणि नेमका. त्यात वहिनींचं नाव कुठेच नव्हतं. ‘बटणाखेरीज दार उघडण्याचा अन्य मार्ग आढळला नाही,’ एवढंच शेवटचं वाक्य होतं. नाव घातलं नाही, याचं त्यांना थोडं बरंही वाटलं होतं. मालकांनी वाचलं, मान डोलावली. दुपारी वहिनींना वर बोलावणं आलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. पोलिसांत कळवत नाही, हे तुमच्या दिरांकडे बघून, असंही मालक म्हणाले.

वहिनी पिशवी घेऊन खाली आल्या, तेव्हा खातरजमा तळमजल्यावर लिफ्टसमोरच होते. लिफ्टचं दार उघडताना दिसलं आणि ते जिन्याने वर निघून गेले.

वहिनींच्या जागी नवी मुलगी आली. खातरजमांनी पहिल्याच दिवशी तिच्यावर लक्ष ठेवायला सुरुवात केली. एकदा ते कार्यशाळेसाठी हात पुसायच्या कागदांचं मोठं खोकं घेऊन वर गेले. खोकं हनुवटीपर्यंत आलेलं, दोन्ही हात अडकलेले. मुलगी जागेवर नव्हती. बघा, म्हणजे ही पण! दिवा लाल होता. ती येईपर्यंत उभं राहायचं म्हणून त्यांनी खोक्याचा भार सावरायला दाराच्या डाव्या फळीला पाठ टेकवली.

चट् असा आवाज झाला आणि ते खोक्यासकट कार्यशाळेत मागे मागे गेले.

आत डोळ्यांना भिंगं लावून बसलेल्या माणसांनी वर पाहिलं. “ठेवा तिथे, साहेब,” एक जण म्हणाला आणि पुन्हा खाली बघायला लागला. कुणालाच काही वावगं वाटलं नव्हतं. सगळ्यांना वाटलं, बटण दाबलं असेल.

ते बाहेर आले. दार लावून घेतलं. दिवा लाल. डाव्या फळीला खांदा लावला. उघडली. पुन्हा लावली, नुसत्या तळव्याने जोर दिला. जरा कुरकुरली आणि उघडली. उजवी मात्र जागची हलेना.

पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं ते हेच, की कुणीतरी कुलपात गडबड केलीय. कुलूपवाली, नवी मुलगी, भिंगवाल्यांपैकी कुणी, अगदी मालकसुद्धा. संशयाची सुई सगळी इमारत फिरून आली. एक घर तेवढं तिने सोडलं होतं, त्यांचं स्वतःचं.

त्यांनी फोन लावला.

“पट्टी हलते का?” कुलूपवालीने विचारलं.

“छे! मी स्वतः आवळलीय. तुम्ही सैल ठेवून गेला होतात.”

पलीकडून ती म्हणाली, “साहेब, ती हलायलाच हवी. दार कधी अगदी सरळ बंद होत नाही. पट्टी थोडी डुलते म्हणून तर चुंबकावर सपाट बसते. घट्ट केली की ती एका कडेवर टेकते. मग कितीही दणकट चुंबक असू दे, जोर धरत नाही. मागचं रबर त्यासाठीच असतं. आहे ना ते?”

“आहे,” ते म्हणाले.

“तुमच्या तिथल्या बाईंना मी सांगितलं होतं, टेबलावरच्या. त्या म्हणाल्या, सांगते साहेबांना.”

त्यांनी फोन ठेवला. खणातून पाकीट काढलं. वरची अक्षरं त्यांचीच होती, ठसठशीत. सगळे जेवायला गेले की स्टूलावर चढायचं, दोन वायसर बसवायचे, संपलं. कुणाला कळणार नव्हतं. कुलूप नीट चालणार होतं. अहवालातलं वाक्यसुद्धा त्या दिवसापासून खरं ठरणार होतं. ते पाकीट हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले. मग उठले आणि मालकांच्या खोलीत गेले.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. “अस्सं,” ते म्हणाले. “म्हणजे दोष दाराचा.”

“माझा. पट्टी मी आवळली.”

“त्या तुमच्या वहिनी ना?” मालक हसले. “घरी बोलणी बसली असतील. साहजिक आहे हो. पण दार आज उघडलं म्हणजे तेव्हाही उघडत होतं, हे कशावरून? पाना तर तुमच्याच हातात असतो.”

असं कुणी त्यांच्याशी कधी बोललं नव्हतं. ते स्वतः मात्र रोज कुणा ना कुणाशी असंच बोलत होते. “चला, ढकलून बघा,” ते म्हणाले.

मालक आले. त्यांनी ढकलून पाहिलं. डावी फळी उघडली. पुन्हा पाहिलं. भिंगवाल्यांपैकी एक वयस्कर माणूस आतून म्हणाला, “ती फळी ना? ती पहिल्यापासून अशीच आहे. ढकलगाडी टेकली की उघडते. आम्हाला वाटलं, बाई बटण दाबतायत.”

“मग बोलला का नाहीत?” मालक त्याच्यावर खेकसले.

“कोण विचारतंय आम्हाला?”

मालकांनी हात पुसले. “बोलवा त्यांना परत,” ते म्हणाले. “पण ट्रे गेला तो गेलाच. तो कुणी नेला हे काही या दाराने सांगितलेलं नाही. मी काय म्हणतोय कळतंय ना?”

कळत होतं. ट्रे शेवटपर्यंत सापडला नाही.

त्याच दिवशी ते वहिनींकडे गेले. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत दोरीवर कपडे वाळत घातलेले. वहिनींनी पाण्याचा पेला पुढे केला आणि समोर बसल्या.

“दार ढकललं की उघडत होतं, वहिनी. चूक माझी होती. ती पट्टी मी आवळली...”

“आवळलीत ते माहीत आहे. स्टूल मीच धरलं होतं.”

“तुम्ही तेव्हा सांगत होतात. मी ऐकलं नाही.”

“ते काही नवीन नाही,” वहिनी म्हणाल्या. थोड्या हसल्याही. मग त्यांनी दोरीवरचा एक टॉवेल ओढून मांडीवर घेतला आणि घडी घालायला लागल्या. “कुलपाचं मला काय कळतंय, भाऊजी? मला एकच कळत नाही. तुम्ही विचारलं का नाहीत? ‘वहिनी, घेतलंत का?’ एवढंच. मी नाही म्हटलं असतं. तुमचा विश्वास बसला नसता, तो तुमचा स्वभाव. पण तोंडावर विचारायचं तरी. मला परक्या माणसाने सांगितलं की दिराकडे बघून पोलीस बोलावत नाही. तो दीर जिना चढत होता.”

खातरजमांनी पेला खाली ठेवला.

“मी मालकांना सगळं सांगितलंय. ते परत बोलावतायत.”

“त्यांना पटलं?”

खातरजमांनी पेला उगाच थोडा सरकवला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

“बरं झालं, हो म्हणाला नाहीत,” वहिनी म्हणाल्या. “येईन मी. रागावर चूल पेटत नाही.”

दुसऱ्या दिवशी कुलूपवालीने येऊन पट्ट्या रबरासकट पुन्हा बसवल्या. खातरजमा या वेळी खाली उभे राहिले नाहीत. वहिनी आल्या, टेबल पुसलं, चष्मा लावला, आलेल्यांची चौकशी सुरू केली. नव्या मुलीला खालच्या मजल्यावर पाठवलं होतं, ती जाता जाता त्यांना खुर्चीचा मोडका पाय दाखवून गेली. दिवसभर डाव्या फळीला कुणाकुणाच्या ढकलगाड्या येऊन टेकल्या. ती हलली नाही.

इमारत बंद व्हायच्या वेळी वहिनी तळमजल्यावर त्यांच्या खोलीत आल्या. हातातली पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली, चेन उघडली आणि एकेक वस्तू बाहेर काढून मांडली. रिकामा डबा. छत्री. गोळ्यांची पट्टी. रुमाल. घराची किल्ली. मग पिशवी उलटी करून झटकली.

“हे काय, वहिनी?”

“बघून घ्या.”

“मी मागितलं का तुम्हाला?”

“नाही. तुम्ही मागणारच नाही.”

“मला गरज नाही त्याची.”

“मला आहे,” वहिनी म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या.

बाहेर लोक घरी निघाले होते. दोघातिघांनी आत डोकावून पाहिलं आणि पाय उचलले. खातरजमांनी दार लोटायला हात पुढे केला. वहिनींनी मानेनेच नको म्हटलं. ते बसल्या जागी टेबलावरच्या वस्तूंकडे बघत राहिले. वहिनी घाई करत नव्हत्या. मग त्यांनी सगळं पिशवीत भरलं आणि त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशीही आल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी खातरजमा मुद्दाम पाण्याच्या टाकीचं काम काढून गच्चीवर गेले. उशिरा खाली आले, तर वहिनी टेबलाशी उभ्या होत्या, बस चुकवून. आठवडा गेला, महिना गेला. बायकोला हे कुणीतरी सांगितलं. तिने घरी एक अक्षर काढलं नाही.

एका संध्याकाळी वहिनींची पावलं दाराबाहेर ऐकू आली, तेव्हा खातरजमा खुर्चीवरून उठून उभे राहिले. टेबलावरची बिलं, पाने, किल्ल्यांचा जुडगा त्यांनी बाजूला सारून जागा केली. वहिनी आल्या. डबा, छत्री, गोळ्या, रुमाल, किल्ली. त्यांनी हात मागे बांधून प्रत्येक वस्तूकडे पाहिलं. सावकाश, एकही न गाळता.

“पाहिलं, वहिनी,” ते म्हणाले.

वहिनींनी मान डोलावली, पिशवीची चेन ओढली आणि निघाल्या. त्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत ते उभेच होते.